जुन्या गोव्याचा डामडौल

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला किंवा दर दहा वर्षांनी होणाऱ्या त्यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला आपण मोठ्या भक्तिभावाने जुन्या गोव्याला जातो. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत चाललेल्या दर्शनाच्या वेळी तर भाविकांचा महापूरच तेथे लोटला होता. बॉम जेझुस बॅसिलिका, समोरचे से कॅथेड्रल, टेकडीवरील ऑगस्टिनियन मठाचा उभा राहिलेला एकाकी मनोरा हे सारे पाहून आपण परततो. परंतु या भव्य वास्तूंच्या मधल्या हिरवळीवर क्षणभर उभे राहिले, म्हणजे एक साधा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. एवढी मोठी मंदिरे ज्यांनी भरत होती, ती माणसे कोठे राहत होती? त्यांची घरे कोठे गेली? बाजार कोठे गेला?

ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही, असे एके काळी पोर्तुगीज लोक अभिमानाने म्हणत. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून हे शहर जिंकले आणि पुढच्या शंभर वर्षांत मांडवीच्या तीरावर पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची राजधानी उभी राहिली. त्या राजधानीतील सणवार, मिरवणुका, धर्मसंस्था यांविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या लेखात एका वेगळ्याच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ती म्हणजे त्या शहरातील माणसे दिसण्यासाठी किती खर्च करीत, तो कोणकोण करीत आणि त्याची भरपाई अखेर कोणाला करावी लागे.

या विषयाचे तीन साक्षीदार आपल्याला लाभले आहेत. पहिला यान हायखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण. तो १५८३ च्या सप्टेंबरात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस म्हणून येथे आला आणि सुमारे पाच वर्षे राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. दुसरा फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच खलाशी. मालदीवजवळ त्याचे जहाज फुटले, तेथे त्याने कित्येक वर्षे बंदिवासात काढली आणि १६०८ मध्ये तो आजारी अवस्थेत गोव्याला येऊन पोहोचला. तिसरा झां बातिस्त ताव्हेर्निए, हिऱ्यांचा प्रसिद्ध व्यापारी. तो १६४१ मध्ये आणि पुन्हा १६४८ मध्ये गोव्यास आला होता. तिघेही परके होते. पोर्तुगिजांच्या व्यापारावर डच आणि फ्रेंच यांचा डोळा होता, हेही विसरता येत नाही. तेव्हा त्यांच्या लिखाणातील टीका थोडी चाळूनच घ्यावी लागते. तथापि पंचवीस आणि चाळीस वर्षांच्या अंतराने आलेली ही तीन माणसे जेव्हा एकच चित्र रंगवितात, तेव्हा त्यात तथ्य आहे असे मानणे प्राप्त होते.

लिन्सखोटेनने वर्णिलेला गोव्याचा रस्ता डोळ्यांपुढे आणून पाहा. एक पोर्तुगीज गृहस्थ चर्चला निघाला आहे. तो अतिशय सावकाश चालतो, कारण घाईने चालणे हे कामकऱ्याचे लक्षण. त्याच्या मस्तकावर उन्हाचा किरण पडू नये म्हणून एक गुलाम मोठी छत्री धरून मागून चालला आहे. दुसऱ्या सेवकाने मालकाची तलवार घेतली आहे, कारण ती कमरेला अडकविली तर चालण्यातील डौल बिघडतो. प्रार्थनेच्या वेळी गुडघ्यांखाली घालावयाची उशीही सेवकाच्याच हाती आहे. समोरून दुसरा गृहस्थ आला की लवून टोप्या काढल्या जातात; कोण किती लवला याचा हिशेब दोघेही मनात ठेवतात. कोणी कोणाच्या घरी गेला तर यजमानाने दारापर्यंत सामोरे यावे आणि पाहुण्याला आपल्याइतकीच चांगली खुर्ची द्यावी, असा दंडक होता. खुर्ची थोडी जरी कमी प्रतीची असली तरी तो अपमान समजला जाई आणि त्याचा सूड उगविण्याची तयारी सुरू होई. खुर्चीवरून भांडणे आपल्या काळातही होतात, नाही असे नाही. पण निदान बसण्यासाठी!

हे सारे सरदारांपुरते मर्यादित असते तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पोर्तुगीज भाषेत सरदाराला ‘फिदाल्गो’ म्हणतात. काहीतरी असलेल्याचा पुत्र, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. खरे फिदाल्गो राजाकडून नेमणुका घेऊन येत, किल्ल्यांच्या कप्तानपदावर तीन-तीन वर्षे राहत आणि तेवढ्यात जन्मभराची कमाई करून घेत. परंतु ताव्हेर्निए एक मार्मिक गोष्ट नमूद करतो. पोर्तुगालहून निघालेला साधा पेद्रू किंवा जेरोनिमू आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून आला की आपल्या नावामागे ‘दों’ ही सरदारकीची पदवी लावून घेई. अशांना लोक उपहासाने ‘केपचे फिदाल्गो’ म्हणत. लिस्बनमध्ये ज्याला कोणी ओळखत नव्हते, त्याला गोव्यात कोणी नाकारू शकत नव्हते, कारण वंशावळीची कागदपत्रे पाच-सहा हजार कोस दूर राहिली होती. मग उरले काय? पोशाख, छत्री, नोकर आणि चाल. पूर्वजांच्या जागी या वस्तूंनीच साक्ष द्यायची.

या सर्वांच्या तळाशी होता तो ‘सोल्दादो’, म्हणजे अविवाहित शिपाई. दरवर्षी लिस्बनच्या गलबतांतून असे शेकडो तरुण उतरत. आरमार उन्हाळ्यात समुद्रावर जाई; पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद राही, आणि त्या काळात शिपायाच्या पोटापाण्याची नीट व्यवस्था नसे. कोणी एखाद्या फिदाल्गोच्या पंगतीला जाऊन बसे, कोणी दुसरे मार्ग शोधी. लिन्सखोटेनने या शिपायांच्या बिऱ्हाडाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून प्रथम हसू येते आणि मग ते हसू ओठांवरच थांबते. दहा-बाराजण मिळून एक घर घेत. घरात एक मेज, चार-पाच बैठी आसने, प्रत्येकाला एक बिछाना आणि कपडे धुण्यासाठी एखाद-दुसरा गुलाम. जेवण म्हणजे पाण्यात शिजविलेला भात आणि थोडे खारे मासे. पाव नाही, द्राक्षारस नाही, पिण्यास झऱ्याचे पाणी. आणि या दहा-बारा जणांत मिळून चांगले रेशमी पोशाख किती? एक किंवा दोन! ज्याची पाळी असेल त्याने तो पोशाख अंगावर चढवून सरदाराच्या तोऱ्यात बाहेर पडायचे. बाकीच्यांनी तोवर सदरा आणि सुती चोळणा घालून घरातच बसून राहायचे.

हे वाचताना मला आमच्या आळीतील एका काळ्या कोटाची आठवण झाली. माझ्या बालपणी आमच्याकडे लग्नाचा असा एकच कोट होता. तो ज्याच्या मालकीचा होता त्याच्या विवाहानंतर निदान सात-आठ नवरदेवांनी तो अंगावर घातला असेल. कोणाला बाह्या आखूड होत, कोणाला खांद्यावर सैल. एका नवरदेवाच्या आईने मिस्सा संपल्यावर तो लगेच उतरवून घेतल्याचे मला स्पष्ट आठवते, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या घरी जायचा होता. त्या कोटात दिखावा होता काय? होता. पण त्यात एकमेकांची लाज राखण्याची माणुसकीही होती. म्हणून त्या दहा शिपायांना केवळ पोकळ ऐटबाज म्हणून निकालात काढावे, असे मला वाटत नाही. ज्या समाजात पोशाखावाचून माणूस रस्त्यावर माणूस म्हणून मोजलाच जात नाही, तेथे उपाशी राहून पोशाख घेणे हा मूर्खपणा नसून एक प्रकारची पट्टी भरणे असते. सरदाराला ती पट्टी आपल्या उत्पन्नाच्या कोपऱ्यातून भरता येई; शिपायाला ती भाताच्या ताटातून भरावी लागे. खर्च रकमेने सरदाराचा मोठा, पण झळ मोठी शिपायाला.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये आपल्या देशातील धनिकांच्या दिखाऊ खर्चाची जी मीमांसा केली, ती प्रसिद्ध आहे. त्यातील एक विधान मात्र सहसा दुर्लक्षिले जाते. समाजातील अगदी दरिद्री थरसुद्धा रूढीने ठरविलेला दिखावा सर्वस्वी सोडून देत नाही, असे त्याने म्हटले आहे. त्याच्या तीनशे वर्षे आधी गोव्यातील शिपायांच्या बिऱ्हाडात हीच गोष्ट खुंटीवर टांगलेली होती.

या शिपायांचा शेवट कोठे होई, हेही सांगितले पाहिजे. गोव्याचे राजेशाही रुग्णालय त्या काळी जगप्रसिद्ध होते आणि १५९१ पासून त्याचा कारभार येशूसंघीय पाहत. पिरार स्वतः तेथे रुग्ण होता आणि त्याने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे: स्वच्छ बिछाने, कोंबडीचे पथ्याचे जेवण आणि तेही चांदीच्या ताटावाट्यांतून! बिऱ्हाडात खाऱ्या माशांवर दिवस काढणारा शिपाई चांदीच्या ताटात जेवे तो येथे, मृत्युशय्येवर. सतराव्या शतकाच्या पहिल्या ३० वर्षांत या एका रुग्णालयात सुमारे २५,००० सैनिक मरण पावले.

स्त्रियांच्या बाबतीत आतले आणि बाहेरचे यांतील अंतर अधिकच मोठे होते. घरात असताना सधन पोर्तुगीज आणि मिश्रवंशीय स्त्रिया अगदी साध्या राहत. अंगात पातळ आखूड चोळीवजा ‘बाजू’, कमरेला रंगीत छापील वस्त्र, पाय अनवाणी, तोंडात विडा. जेवण भात आणि कालवण, तेही हाताने. म्हणजे राहणी बहुतांशी आपल्या कोकणातल्या बाईसारखीच. सणाच्या दिवशी मात्र त्याच स्त्रीचे रूप पालटे. मखमल, किनखाब, गळ्यात आणि हातांत सोने-मोती आणि पायांत अर्धा-अर्धा फूट उंच तळव्यांची पादत्राणे. पालखीतून ती चर्चच्या दाराशी उतरे. पुढे गालिचा, उशी, खुर्ची घेतलेल्या दासींचा ताफा. ती पादत्राणे घालून एकटीने चालणे अशक्यच, म्हणून दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागे. दारापासून आपल्या जागेपर्यंतची चाळीस-पन्नास पावले चालायला तिला पाव तास लागे, असे पिरार लिहितो. वेदीवर मिस्सा सुरू झालेली असेल तर उपासकांच्या नजरा त्या पाव तासात कोणीकडे असतील, हे सांगायला नको.

विवाहाचे वर्णनही पाहण्यासारखे आहे. लिन्सखोटेनच्या म्हणण्यानुसार वधूवरांना चर्चला नेण्यासाठी आप्तेष्ट घोड्यांवर बसून, उंची पोशाख करून, दोघादोघांच्या रांगेने निघत. प्रत्येकाच्या डोक्यावर छत्री. परत आल्यावर नवविवाहित जोडपे घराच्या खिडकीत बसे आणि समोरच्या रस्त्यावर स्वार घोडदौडीचे खेळ करून दाखवीत. मग पाहुणे घरात येत आणि त्यांना मिळे काय? थोडी मिठाई आणि पेलाभर पाणी! ते घेऊन मंडळी आपापल्या घरी परतत. जवळचे नातलग तेवढे मागे राहत. सारा खर्च रस्त्यावर झालेला असे. आपल्याकडे आज नेमके उलटे आहे असे कोणी म्हणेल, कारण आपण पंगतीवर खर्च करतो. पण वाजंत्री, रोषणाई, सजविलेली गाडी आणि आकाशातून छायाचित्रे टिपणारे यंत्र हे सर्व पाहिले म्हणजे आपण खिडकी आणि पंगत या दोन्हींचा खर्च पत्करला आहे, एवढाच फरक मला दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. हे सारे चालत होते कोणाच्या जिवावर?

गोव्याच्या ‘रुआ दिरैता’वर, म्हणजे व्हाइसरॉयच्या वाड्यापासून मिझेरिकॉर्दियाच्या चर्चपर्यंत जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर, रोज सकाळी सात ते नऊ लिलाव भरे. रविवार आणि सणाचे दिवस तेवढे वगळलेले. त्यात अरबी घोडे, गालिचे, चिनी भांडी यांच्याबरोबर माणसेही विकली जात. आफ्रिकेतून आणि आशियातील नाना देशांतून आणलेली ही माणसे इतकी स्वस्त असत की मध्यम स्थितीच्या घरातही दहा, वीस, तीस गुलाम आढळत. ते केवळ छत्री धरण्यासाठी नव्हते. गुलाम पुरुष बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी मडक्यांतून आणून शहरात विकीत. दासी मुरंबे आणि गोड पदार्थ करीत, भरतकाम करीत आणि ते घेऊन बाजारात बसत. संध्याकाळी सारी मिळकत मालकाच्या हाती. कित्येक घरांचा चरितार्थ निव्वळ या मिळकतीवर चाले. तेव्हा मालक जी छत्री डोक्यावर घेऊन चाले, ती छत्रीही गुलामाच्या कष्टाची आणि ती धरणारा हातही गुलामाचाच. काही धर्मसंस्थांच्या घरांतही गुलाम होते, हे लिहिताना मान खाली घालावी लागते. पण ते लिहिलेच पाहिजे.

आपल्या वसईची कथा याच कथेचा उत्तरेकडील अध्याय आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगिजांना दिला. येथील गावे फिदाल्गोंना, सरकारी सेवकांना आणि धर्मसंस्थांना वार्षिक सारा ठरवून पट्ट्याने देण्यात आली. पुष्कळदा तीन पिढ्यांच्या मुदतीने. कधी एखादे गाव पोर्तुगालहून पाठविलेल्या अनाथ मुलीला हुंडा म्हणूनही मिळे. या गावांच्या उत्पन्नावर वसईच्या कोटात सरदारांची वस्ती फोफावली आणि वसईला ‘उत्तरेचा दरबार’ म्हणून ओळखले जाऊ लागले. इंग्रज वैद्य जॉन फ्रायर १६७५ मध्ये वसईला आला, तेव्हा त्याला तेथे दुमजली प्रशस्त वाडे, छपराखालचे सज्जे आणि काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ तावदानांनी भरलेल्या मोठ्या खिडक्या दिसल्या. कोटाच्या आतील ते वाडे आज वेलींनी झाकले आहेत. आपण तेथे सहलीला जातो आणि मुलांना सांगतो की हे आपले वैभव. वैभव खरेच, पण आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज त्या सज्जांत बसलेले नव्हते. ते गावात भातशेतीत राबत होते आणि त्या शिंपल्यांच्या खिडक्यांचा पैसा त्यांच्या खळ्यावरून जात होता.

पालखीविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते, कारण या साऱ्या डामडौलाचे सार तिच्यात उतरले आहे. पालखी आणि छत्र ही पोर्तुगिजांनी येताना आणलेली चिन्हे नव्हेत. ती आपल्या दख्खनची. आदिलशाहीत काय किंवा पुढे मराठेशाहीत काय, पालखी आणि अबदागिरीचा मान हा राजाने द्यावयाचा असे. पालखी मिळाली म्हणजे तिच्या खर्चाची नेमणूकही मिळे. कोणी मनात आणले आणि पालखीत बसला, असे चालत नसे. पोर्तुगिजांनी चिन्ह उचलले, पण त्यामागची परवानगीची शिस्त मात्र मागेच ठेवली. परिणामी गोव्यात ज्याला भोई परवडतील तो पालखीत बसू लागला, आणि ज्याला परवडत नव्हते तोही बसू लागला.

१५९१ मध्ये व्हाइसरॉय मातियास द आल्बुकेर्क याने हुकूम काढला. कोणत्याही दर्जाच्या पुरुषाने आपल्या लेखी परवानगीवाचून पालखीत बसू नये. साठ वर्षांवरील वृद्धांना सूट, पण त्यांनी आधी अधिकाऱ्यापुढे आपले वय सिद्ध करावे. हुकूम मोडणाऱ्याला २०० क्रुझादोंचा दंड. हलक्या स्थितीतील माणसाला त्याच्या निम्मा. पालखी आणि तिचे सामान जप्त. आणि पालखी उचलणाऱ्या भोयांना? त्यांना राजाच्या गॅलींवर, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौकांवर, सक्तमजुरीला पाठविण्याची शिक्षा.

या हुकुमाकडे बारकाईने पाहावे. निम्म्या दंडाची तरतूद करावी लागली, याचाच अर्थ हलक्या स्थितीतील माणसेही पालखीतून हिंडत होती. हा सरकारी कागदच त्याची कबुली देतो. दुसरे, आत बसलेल्याची शिक्षा पैशांत मोजलेली आहे; खांद्यावर दांडी घेतलेल्याची शिक्षा मात्र शरीराने भोगायची आहे. पालखीत बसण्याची हौस भोयाची नव्हती. बहुधा तो गुलामच असे आणि नाही म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. तरीही वल्ह्याला साखळीने बांधले जायचे ते त्यालाच. त्या हुकूमनाम्यात त्यांच्यासाठी ‘बोई’ असा शब्द आहे. तो दुसरा-तिसरा कोणता नसून आपल्या ‘भोई’ शब्दाचेच पोर्तुगीज रूप आहे.

धर्माधिकाऱ्यांनाही या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. १६०६ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात गोव्याची पाचवी प्रांतिक धर्मसभा भरली. पडदे लावलेल्या पालख्यांमुळे देवाविरुद्ध गंभीर अपराध घडतात, असे सभेने नोंदविले आणि अशा पालख्या बंद कराव्यात, फार तर आजाऱ्यांना परवाना देऊन सूट द्यावी, अशी व्हाइसरॉयला विनंती केली. धर्मगुरूंना तर अशा पालखीत बसण्याची स्पष्ट बंदी घालण्यात आली. मोडल्यास बहिष्कृती आणि १०० पार्दावांचा दंड. सभेचा रोख खर्चापेक्षा पडद्याआड घडणाऱ्या पापावर होता, हे खरे. परंतु धर्मगुरूंसाठी वेगळा आणि इतका कडक नियम करावा लागला, तेव्हा पालखीचा मोह पुरोहितवर्गालाही आवरत नव्हता असा तर्क केल्यास तो चुकीचा ठरू नये. हुकूम निघाले, ठराव झाले, आणि पालखी चालतच राहिली.

नंतर पैसा आटला. १५६५ मध्ये विजयनगरचे साम्राज्य कोसळले तेव्हाच घोड्यांच्या व्यापाराला मोठा धक्का बसला होता. १६२२ मध्ये होर्मूझ गेले. १६३६ पासून डच आरमार मांडवीच्या मुखाशी येऊन नाकेबंदी करू लागले. १६३९ मध्ये जपानचा व्यापार तुटला आणि १६४१ मध्ये मलाक्का पडले. साथींनी शहर पोखरले. ज्या कप्तानपदांवर आणि बंदरांवर गोव्यातील घराणी जगत होती, ती एकामागून एक हातची गेली. उत्पन्न गेले म्हणून राहणी खाली आली काय? सरळ बुद्धीला तसे वाटते. पण राहणी हीच ज्यांची वंशावळ होती, ती माणसे राहणी सोडून कोठे जाणार?

मिझेरिकॉर्दिया या संस्थेला अशा माणसांची चांगली ओळख होती. १४९८ मध्ये लिस्बनला स्थापन झालेला हा प्रापंचिकांचा भ्रातृसंघ पोर्तुगीज वसाहतींत सर्वत्र पसरला होता आणि दयेची चौदा कृत्ये हे त्याचे व्रत होते. त्याच्या मदतीच्या यादीत भिकारी, कैदी, अनाथ मुली यांच्या जोडीला एक स्वतंत्र वर्ग असे: लाजणारे गरीब. ज्यांनी चांगले दिवस पाहिले आहेत आणि ज्यांना उघड्यावर हात पसरता येत नाही, अशी ही घरे. त्यांना मदत गुपचूप पोहोचवायची. ज्यांनी संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या वतीने आपल्या धर्मग्रामात घरभेटी केल्या आहेत, त्यांना या वर्गाची ओळख करून द्यायला नको. ज्या घराला वर्षानुवर्षे कर्ज आहे, त्याच घरी सर्वांत मोठा मांडव पडलेला त्यांनी पाहिलेला असतो, आणि मांडव उतरल्यावर त्या घराचे दार कोणत्या वेळी ठोठवायचे हेही त्यांना ठाऊक असते.

ताव्हेर्निएने १६४१ च्या पहिल्या भेटीत गोव्यात काही सुखवस्तू कुटुंबे पाहिली होती. वर्षाला दोन-दोन हजार एक्यू उत्पन्न असलेली ही घरे. सात वर्षांनी तो परत आला, तेव्हा त्यांतीलच काहीजण रात्रीच्या अंधारात त्याच्या बिऱ्हाडी मदत मागण्यास येऊ लागले. तरीही त्यांचा ताठा तसूभर कमी झालेला नव्हता, असे तो सांगतो. विशेषतः स्त्रियांचा. त्या पालखीतून येत. पालखी दाराशी थांबे, पण बाई खाली उतरत नसे. बरोबरचा मुलगा आत येऊन बाईसाहेबांचा नमस्कार सांगे आणि त्या कशासाठी आल्या आहेत ते सुचवी. द्यायचे ते त्या मुलाच्या हाती द्यावे, किंवा बाईचा चेहरा पाहण्याची उत्सुकता असेल तर स्वतः बाहेर जाऊन द्यावे. कधी एखाद्या धर्मगुरूचे पत्रही सोबत असे. त्यात त्या घराण्याची पूर्वीची श्रीमंती आणि सध्याची अडचण नमूद केलेली असे.

ताव्हेर्निएने त्या बायांविषयी लिहिले, त्यांच्या अभिमानाविषयी लिहिले. त्या रात्री पालखी कोणी वाहून आणली, त्या भोयांना त्या दिवशी जेवण मिळाले होते की नाही, याविषयी त्याने काही लिहिलेले नाही. मुलगा पैसे घेऊन बाहेर येतो, पडद्याच्या फटीतून ते आत देतो, आणि भोई दांडी पुन्हा खांद्यावर घेतात.